भविष्य अमेरिकेचंच

साल २०२५, माझं वय चौऱ्याहत्तर. जर्मनीत एश्बॉर्नला मुलाकडे गेलो होतो. स्टेशनवर एक मराठी गृहस्थ रोज भेटायचे. रुमालाने बाक पुसून मगच बसायचे. माझ्या मुलाच्या डोक्यात अमेरिका त्यांनीच भरवली होती.

"काका, भविष्य अमेरिकेचंच! पगार बघा. शिवाय सगळ्या धर्मांची, रंगांची माणसं तिथं गुण्यागोविंदाने राहतात."

तेवढ्यात स्कार्फ बांधलेली एक तुर्की बाई शेजारी टेकली. गृहस्थ ताडकन उठले.

"काय झालं?"

"इथं कुणीही येऊन बसतं हो. म्हणून तर अमेरिकेला जायचंय."

घरी सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "बाबा, मी जाऊ नये म्हणून रचताय."

जाऊ नये हे खरंच होतं. रचलं मात्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन स्टेशनवर गेलो, गृहस्थांशेजारी बसलो आणि ती बाई कालच्याच गाडीसाठी येताच उठून माझी जागा तिला दिली.