मुकुंदा आणि दोन ठिपकेवाले किवी

माझा धाकटा भाऊ मुकुंदराव कारखान्यातून व्हीआरएस घेऊन घरी आला, तेव्हा हैदराबादेतल्या आमच्या अख्ख्या काचीगुड्याला त्याची काळजी लागली. त्याला स्वतःला सोडून. नव्या धोरणात कारखाने माणसं कमी करत होते, आणि कमी झालेल्यांनी दुकान टाकावं, एजन्सी घ्यावी, निदान देवळाच्या कमिटीत शिरावं, अशी रीत पडली होती. मुकुंदाने टीव्हीला केबल घेतली.

त्याची बायको तारामती शाळेत शिकवायला जायची, तिचा डबा हा भरायचा, आणि मग भाजी निवडत टीव्हीवर जनावरं बघायचा. शेजारचे भगवंतराव खिडकीतून विचारायचे, "काय मुकुंदराव, खुडूक बसलात का?"

"हौ. अंडं मिळेना, तोवर वांगी उबवायलोय."

वर्षभराने अंडं मिळालं. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीत राहणारी, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणारी त्याची लेक त्रिवेणी माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. रजा संपली की मुलीला दिवसा आजोबांकडे सोडून त्रिवेणीने कामावर जायचं, असं बापलेकीने ठरवून टाकलं. सुखाने ठरवलं, कारण सासूला कोणी विचारलं नव्हतं.

त्या सासूबाई, सुनंदाबाई, बारशाला पुण्याहून आल्या. पाळण्याची दोरी हातात असतानाच म्हणाल्या, "बाप्याच्या जिवावर तान्हं मूल? छे! त्रिवेणी, तू नोकरी सोड."

त्रिवेणीचा चेहरा पडला. जावई ओंकारने घुगऱ्यांच्या वाटीत असं डोकं घातलं, की जणू त्याला त्यात मोती सापडला असावा. पुरुष नेमके अशा वेळी जेवतात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात घुगऱ्या वाढणारा मुकुंदा म्हणाला, "विहीणबाई, किवीत बापच बसतो."

"कशात?"

"किवी. न्यूझीलंडचा पक्षी."

"ते बुटाच्या पॉलिशच्या डबीवर असतंय की!" भगवंतराव म्हणाले.

"आता त्याचं फळही मिळतं," कोणीतरी भर घातली.

"पक्षी हो, पक्षी! त्यातला छोटा ठिपकेवाला घ्या. कोंबडीएवढा. उडता येत नाही. दिवसा बिळात, रात्री बाहेर, चोचीच्या शेंड्याने वास घेत किडे शोधायचे. मादीचं अंडं केवढं? तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं! एकदा घातलं की ती मोकळी. पुढे दोन महिन्यांहून जास्त बाप एकटा बसतो."

"आणि आई कुठे जाते?"

"पोट भरायला. एवढं अंडं घातल्यावर जाऊ नये का तिने?"

बायका खदखदल्या. माझी सख्खी भावजय मात्र सत्यवचनी. ती म्हणाली, "बसतील हो हे. पण बसले की गॅसवरचं दूध उतू जातं."

"बघा!" सुनंदाबाईंनी दोरी सोडली. "एकटा बाप म्हणजे हे असं!"

"मग मोठा ठिपकेवाला घ्या," मुकुंदा घाईने म्हणाला. "छोट्याचाच भाऊबंद, पण वजनाला दुपटीहून जास्त. राहतो थंड डोंगरांत. तिथे एकट्याचं काम नाही. दिवसभर नर बसतो, रात्री दोघं आळीपाळीने."

"म्हणजे शिफ्ट?"

"हौ. दिवसा मी, रात्री हे दोघं."

"आणि दूध?"

यावर टीव्हीने त्याला काही शिकवलेलं नव्हतं. तो वाढायच्या डावाने भरलेल्याच वाटीत पुन्हा घुगऱ्या घालू लागला. कारखाना सुटला तेव्हा हा माणूस हसत घरी आला होता. पण ही नात सांभाळायला मिळाली नाही, तर तो खरोखर रिकामा होणार होता. ते मला दिसलं आणि, खोटं कशाला बोलू, सुनंदाबाईंनाही दिसलं.

"तुमच्या त्या पक्ष्यात सासू नसते का?" त्यांनी विचारलं.

"दाखवली नाही बा."

"दाखवतील कशी, पुण्याहून आणावी लागते." त्यांनी पदर खोचला. "मी दसऱ्यापर्यंत राहते. दुधाजवळ मी, मुलीजवळ तुम्ही. जमलं तर नोकरी राहील. नाही जमलं तर मग मी कोणाचं ऐकणार नाही."

एवढ्यात पाळण्यातून रडं फुटलं. मुलगी ओली झाली होती. त्रिवेणी उठायला लागली, तशी सासूने तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि कोरडा लंगोट मुकुंदाच्या पुढे केला. त्याने डाव माझ्या हातात कोंबला, मुलीला उचललं, पुसलं, लंगोट बांधला.

"गाठ घट्ट झाली," सुनंदाबाई म्हणाल्या. "सोडा. पुन्हा बांधा."

त्याने सोडली. पुन्हा बांधली.