ज्यांना घेरी आली नाही

छप्पन साली आमची इंजिनिअर कंपनी देहूरोडला होती. मी बुलढाण्याकडचा, चौथीतून शाळा सुटलेला. घर लांब. नोकरी जाईल ही धास्ती सतत मनात. सेक्शनचे हवालदार बोडके मावळातले. त्यांनी मला सांभाळून घेतलं.

आदल्या वर्षी त्यांना क्षय झाला, म्हणून स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली होती. छाती बरी झाली, पण अंधारात चालताना तोल जाई. जवान म्हणत, "उस्तादांना आज जास्त झाली." दारूला ते शिवतही नसत.

डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी त्यांना तपासणीला बोलावलं. ताडून बघायला धडधाकट माणूस हवा, म्हणून मलाही नेलं. मला आडवं करून कानात बर्फाचं पाणी सोडलं. छत गरगर फिरलं, मी ओकलो. मग हवालदारांची पाळी. एक कान, मग दुसरा.

"काही फिरतंय?"

"न्हाई साहेब. गार लागलं, बास."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "गरगरायलाच हवं होतं. त्या इंजेक्शनांनी कानातला तोल गेलाय तुमचा. डोळ्यांना दिसेनासं झालं की वर कुठे, खाली कुठे कळणार नाही. पाण्यात उतरायचं नाही."

बराकीत मात्र सगळे मलाच हसले. "कानात घोटभर पाणी, आणि गडी आडवा!" उस्ताद पास, मी नापास.

हवालदार मला म्हणाले, "म्हशीची शेपटी धरून पवनेत पवाया शिकलो मी. मला पाण्याचं सांगतोय!" पण हुकूम तो हुकूम. ते काठावर थांबू लागले.

जुलैत पवनेवर तराफ्याचा सराव होता. पाणी गढूळ, ओढ मोठी. सकाळीच तराफा कलला आणि मी पडलो. मला पोहता येत नव्हतं.

"आदमी पानी में! रस्सा फेको!"

रस्सा माझ्यापर्यंत आला नाही. हवालदार आले. कमरेला धरून त्यांनी मला वर ढकललं, रस्सा हातात कोंबला. "धर, लेका!" तेवढ्यात लाटेनं त्यांना खाली घेतलं. बराच वेळ बुडबुडे येत होते. खाली हवालदार जोर लावून पोहत असणार. वर आले नाहीत.

दुपारी सापडले. दोन्ही मुठींत तळाचा गाळ होता. वर समजून ते तळाकडेच पोहत गेले होते.

आता म्हातारपणी मान वळवली की मला कधी गरगरतं. बायको घाबरते. मी खाटेची कड धरून बसतो, हवालदार बोडक्यांचं नाव घेतो, 'गरगरायलाच हवं' हे डॉक्टरांचं बोलणं आठवतो, आणि घेरी ओसरायची घाई करत नाही.