दाराबाहेरच्या चपला

शाळेत सापडलेल्या टोप्यांची आणि डब्यांच्या झाकणांची एक पेटी असते. न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही. माझ्याकडं किस्से तसेच साठलेत!

रहिमतपूरजवळच्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. म्हणजे मुलांच्या मनाचं दुखलंखुपलं बघणारी. मुलं आपली 'खोलीवाल्या मॅडम' म्हणतात.

खोली म्हणजे जुन्या नकाशांची अडगळ. भिंतींना ओल, म्हणून जगाचा नकाशा मी छताला ठोकला. त्याखाली उंच उडीची फाटकी गादी टाकली. दुपारी खिडकीबाहेरच्या हौदातल्या पाण्याचा कवडसा छतावर हलायला लागतो, आणि नकाशातले समुद्र खरंच हलतात! रडायला आलेलं पोर रडायचं विसरून वर बघत राहतं. मीसुद्धा बघते, खोटं कशाला सांगू?

नियम एकच. आत जाताना चपला दाराबाहेर काढायच्या. चपला दिसल्या की कुणी दार वाजवायचं नाही.

*

एकदा दाराबाहेर अकरा जोड! आख्ख्या सहावीला एकदम काय झालं?

आत बघते तर गादीवर एकटा सुशांत. त्याचे वडील मिलिटरीत. रजा संपवून ते परत गेले की हा दोन दिवस माझ्याकडं मुक्कामाला. बाकीचे दहा जण मैदानात अनवाणी खेळत होते. त्यातल्या एकाला मी हाक मारली.

"चपला इथं कशाला रे ठेवल्या?"

"एकच जोड दिसला की मोठे सर त्याला उठवत्यात, मॅडम. गर्दी दिसली की माघारी जात्यात!"

*

मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांचं औषध ठरलेलं. "मन-बिन काही नसतं हो मॅडम. बारा सूर्यनमस्कार घाला, सगळं जागेवर येतं!"

रिटायर व्हायला महिना उरला तेव्हा एका दुपारी दाराबाहेर पॉलिश केलेले काळे बूट दिसले. नियम म्हणजे नियम. मी तासभर व्हरांड्यात उभी!

बाहेर आले तेव्हा सरांचे डोळे लाल होते. बुटाची नाडी बांधत म्हणाले, "ग्रीनलँड केवढा मोठा आहे हो!"

*

मी ट्रेनिंगला गेले होते तिथून भावनांचा तक्ता आणला. हसरा चेहरा, रडका, चिडका, शांत. मुलानं येऊन आज जसं वाटतंय त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. पाचवीतली एक मुलगी रोज 'शांत'वर बोट ठेवून बराच वेळ उभी राहायची. मी खूश! वहीत दोन पानं लिहिली. शेवटी तिला विचारलंच.

"हितं फॅनचं वारं लागतं, मॅडम."

*

आणि कोमल. जतकडून मेंढरं घेऊन आलेलं कुटुंब, इकडंच स्थिरावलेलं. सहावीत दाखल झाल्यापासून पोरगी शाळेत अवाक्षर बोलली नव्हती. माझ्या गादीवर पडून समुद्र बघायची, बस्स.

हजेरीला वर्गशिक्षक शिंदे सरांनी तिचं नाव घेतलं की तिच्या वतीनं सगळा वर्ग ओरडायचा, "हजर!" इतकी सवय झाली की ती तीन दिवस आलीच नाही, तरी वर्ग ओरडला आणि सरांनी मान वर न करता हजेरी मांडली. चौथ्या दिवशी वडील सांगायला आले, पोरगी मेंढरांमागं होती म्हणून. हजेरीपटावर बाईसाहेब रोज हजर!

मोठे सर कडाडले, "यापुढं ज्याचं त्यानं बोलायचं!"

वडिलांनी ते ऐकलं आणि माझ्याकडं वळले. "आवं मॅडम, मेंढरांसंगं दिसभर बोलती की. हितंच कशी दातखीळ बसती? शाळंत मुकी ऱ्हाण्यापरास मेंढरांमागं बरी. सोमवारी दाखला न्हेतो."

त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही. मी कोमलला बोल म्हणाले नाही. म्हणावंसं फार वाटलं.

*

सोमवारी सुशांत सकाळीच माझ्या गादीवर. आदल्या दिवशी वडील ड्युटीवर गेलेले. त्याला तिथंच ठेवून मी सहावीच्या दाराशी गेले, कारण कोमलचे वडील तिथं येऊन उभे होते. हजेरी चालू होती.

"कोमल."

वर्ग गप्प. शिंदे सरांनी तिच्याकडं बघून हजेरी मांडली. वडिलांनी माझ्याकडं बघितलं आणि खिशातून दाखल्याचा अर्ज काढला.

"सुशांत."

पुन्हा सगळे गप्प. ज्याचं त्यानं बोलायचं होतं ना!

"सुशांत गैरहजर," म्हणत सरांनी पेन टेकवलं.

"त्येच्या चपला मॅडमच्या दाराम्होरं हायती!"

मागच्या बाकावरून आवाज आला. घोगरा, मोठा, माळावर हाक घालायची सवय असलेला. एकाही पोरानं मागं वळून बघितलं नाही. सरांनी पेन उचललं.

कोमलच्या वडिलांनी अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली आणि व्हरांड्यातून चालायला लागले. मी मागून गेले.

माझ्या खोलीशी ते थांबले. सुशांतच्या चपलांशेजारी त्यांनी आपल्या जाडजूड वहाणा काढल्या, नीट जुळवून ठेवल्या, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.