सकाळपासून झोपलेत

काल कोलार रोडवर कुणी चौकीदाराने पेटवलेल्या शेगडीचा, जळत्या कोळशाचा वास आला आणि मी एकदम लहानपणीच्या, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, मुळे बाईंच्या शिकवणीत जाऊन बसले.

हिवाळ्यातली दुपार कलली होती. बाई आम्हा मुलींना इंग्रजीतलं 'सिन्स' आणि 'फॉर' शिकवत होत्या. अमुक वेळेपासून म्हणायचं तर सिन्स, इतका वेळ म्हणायचं तर फॉर. प्रत्येकीने एक वाक्य करायचं होतं.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली सुनंदा उठली. "माय फादर इज स्लीपिंग सिन्स मॉर्निंग."

"सिन्स बरोबर," बाई म्हणाल्या. "पण इज नाही, हॅज बीन."

सुनंदाने वाक्य नीट म्हटलं, पण ती खाली बसेना.

"बाई, बाबा खरंच उठत नाहीयेत. नाइट शिफ्ट करून आले, ते झोपलेच. शाळेतून आल्यावर मी कितीदा आवाज दिला."

"आणि आई?"

"नागपूरला गेलीय."

"खोलीत शेगडी आहे का गं?"

"हो. थंडी वाजते म्हणून दार-खिडकी लावून घेतलंय."

बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्या अनवाणी धावल्या. शेजाऱ्यांनी दार तोडलं, बाबांना खाटेसकट उघड्यावर आणलं. त्यांचा एक हात खाली लोंबत होता.

ते वाचले. आम्हा बाकीच्या मुलींना तेव्हा शिकवणी लवकर सुटल्याचाच आनंद झाला होता. आता मात्र ते सुनंदाचं न बसणंच आठवतं.

त्यानंतर कुणीही वाक्य म्हटलं की बाई आधी विचारत, "हे खरं आहे का गं?" चुका त्या मग सांगत.