राणीची पिल्लं आणि वार पडायची वाट

चहा आधी संपवा, मग सांगतो. कारण हे ऐकल्यावर माझ्या हातचा कप तुम्ही तोंडाला लावाल की नाही, याची मला खात्री नाही!

आमचं गाव देवणीच्या अलीकडं. घराणं गाईंचं, तेही देवणी गाईंचं. आणि अशा घरात मी शेताच्या कडेला शेड टाकून पांढरी डुकरं पाळली! भावकीनं बोलणंच टाकलं. चुलते, माधवकाका, तर मला सोडून शेजारच्या बाभळीशी बोलायचे.

त्यात डुकरांच्या तापाची साथ सुटली. शेजारच्या गावातलं एक शेड बघता बघता रिकामं झालं. आणि माझी पहिली मादी, राणी, नेमकी तेव्हाच व्यायला आली. ही पिल्लं गेली असती तर धंदाच बसला असता. 

राणीला कळा सुरू झाल्या तशी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या बर्फाच्या डब्यात लस घेऊन आल्या. पिल्लू बाहेर आलं की पुसायचं, टोचायचं, टोपल्यात ठेवायचं.

"दादा, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "राणीला आपण लस दिलीय. तिच्या चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधातून, पिल्लांना ताकद मिळते. पण चीक आधी पोटात गेला, तर तीच ताकद नंतर दिलेली लस मारून टाकते. म्हणून साथीत आधी लस, मग चीक. आता तासभर थांबा आणि सगळी पिल्लं तिच्या थानाला लावा. कळलं?"

"कळलं की!"

काय कळलं होतं मला? चीक लस मारतो. बस, एवढंच!

बाई दुसऱ्या गावी म्हैस बघायला गेल्या. तास झाला. मनात आलं, तासाभरात लस ती किती भिनणार? अजून थांबलेलं बरं. आणि आमच्याकडं तर बापजाद्यांपासून रीतच आहे, गाय व्याली की वार, ती वासरामागून पडणारी नाळेची पिशवी, पडल्याशिवाय वासरू थानाला लावायचं नाही. राणीची वार कुठं पडली होती? म्हटलं, झालं! डॉक्टरचंही ऐकलं आणि बापाचंही. बसलो टोपल्यापाशी पहारा देत.

बायको, संगीता, भाकरी घेऊन आली. "अवो, पिल्लं लई वरडायलीत. पाजू का?"

"हात लावू नकोस! लस मरंल!"

आणि लाज वाटते सांगायला, त्यांच्यासमोर बसून मी भाकरी खाल्ली. पिठलं होतं सोबत.

ऊन कललं आणि ओरडणं थांबलं. मला वाटलं, निजली बिचारी. एक उचललं, तर अंग गार! दुसरं उचललं, तर त्यानं मान टाकलेली! आला! ताप आला!

आता अंग गार असताना ताप कसा, हा प्रश्न एखाद्या शहाण्याला पडला असता. मला नाही पडला.

फाटक लावलं. दारात चुना फेकला. अंगातला सदरा काढून लांब भिरकावला, पँटही भिरकावली. संगीताला ओरडलो, "लांब हो, साथ आली!" ती रडायला लागली, म्हणून मीही रडलो. मग लावले फोन. डॉक्टरबाईंना लावला. आणि कहर म्हणजे माधवकाकांना लावला! "काका, जनावरं बांधून ठिवा! माझ्याकडं साथ आलीय!"

बाई गाडीवरून धावत आल्या. एक पिल्लू उचलून त्याच्या तोंडात बोट घातलं. ते हळूच चोखायला लागलं.

"यांना चीक कधी पाजला?"

"अजून न्हाई. वार पडायची हाय की."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मी अर्ध्या चड्डीत.

"दादा, ताप नाही हा. उपाशी आहेत ही! वार गाईची असो की डुकरिणीची, तिच्यासाठी कुणाला उपाशी ठेवायचं नसतं. चिकातली ताकद पहिल्या काही तासांतच अंगी लागते. लावा, लावा लवकर!"

धडधाकट होती ती चिकटली. दोन मात्र अगदीच मलूल, त्यांना चोखताच येईना.

"गाईवाले ना तुम्ही? घ्या वाटी, पिळा!"

बसलो उकिडवा राणीच्या पोटाशी. उघडा, गुडघ्यापर्यंत चुन्यानं माखलेला. ती हुंकारली की माझा जीव वर! मी पिळत होतो, संगीता चमच्यानं थेंब थेंब सोडत होती. देवा, एवढं एक गिळू दे, माझी चूक त्याच्या जिवावर नको.

आणि गिळलं हो! मग दुसऱ्यानंही गिळलं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

तेवढ्यात फाटकापलीकडं कुणीतरी खाकरलं. बघतो तर साथ बघायला अख्खी भावकी जमलेली! सगळ्यांत पुढं माधवकाका.

"काय करायलास रं?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"चीक... चीक पिळायलोय, काका."

काकांनी राणीकडं बघितलं, माझ्या चड्डीकडं बघितलं, मग बराच वेळ वाटीकडं बघितलं.

"असं व्हय," ते म्हणाले. "मग खरवस खायाला कवा यावं?"