औशाची पेंटरबाई

लेकीला, पंचशीलाला, पारूबाईंकडे नेऊन सोडलं ते तारामतीनंच. हे ती स्वतःला रोज बजावायची आणि रोज तिचा जळफळाट वाढायचा.

सांध्यांच्या तापानं पोरीची दोन वर्षं शाळा बुडाली होती. तारामतीनं तिला घरीच शिकवायला घेतलं. ती स्वतः नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, माहेरच्या वस्तीतली पहिली. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, पोरगी बाहेरून मॅट्रिकला बसेल, सगळं ठरलेलं. पण पोरगी इतिहासाच्या वहीत अक्षरंच काढत बसायची. जाड, बारीक, सावली दिलेली. मग उन्हाळ्यात रोज दोन तास हाताला विरंगुळा म्हणून तिनं तिला पाट्या रंगवणाऱ्या पारूबाईंच्या पडवीत बसवलं. दोनाचे पाच तास कधी झाले, कळलं नाही.

पारूबाईंना लिहायला-वाचायला यायचं नाही. नवरा अमृतराव पेंटर अक्षरांच्या कडा आखायचा, आत रंग त्या भरायच्या. अशी वीस वर्षं गेली. तो वारल्यावर कडाही त्याच आखू लागल्या. समोर ठेवलेल्या चिठ्ठीकडे मान तिरकी करून बघायच्या, बाजारात बैल बघावा तसं. 'ठ'ला त्या मडकं म्हणायच्या, 'क'ला दोन पोटांची. त्यांच्या हातून निघालेली पाटी मात्र अशी, की वाटसरू थांबून वाचायचा.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. शाळा, दवाखाने, चावड्या, जिथं तिथं पाटीवर जुना जिल्हा उस्मानाबाद, तो पुसून लातूर लिहायचं. शिवाय पाण्याचे टँकर आलेले, त्यांच्यावर 'पिण्याचे पाणी' लिहायचं. पावसानं पाठ फिरवलेली, शेतात कुणाला काम नाही, आणि पारूबाईंना जेवायला सवड नाही.

एकदा तारामती वहीत कित्ता घालून देत होती. पोरीनं तिच्या वहीत डोकावून म्हटलं, "आई, तुझं मडकं वाकडं आलंय."

तारामतीला हसू आलं नाही.

त्या दिवशी पाच वाजता ती पोरीला आणायला गेली. पडवीत खडूच्या भुकटीतला दोरा ताणलेला, एक टोक पारूबाईंच्या हातात, दुसरं पोरीच्या. पोरीनं मधे बोट घालून टणकन सोडला. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटली.

"लई जोर नगं लावू, पोरी. दोरा हाय, बैलाचा कासरा न्हाई," पारूबाई म्हणाल्या.

"मावशी, मागच्यापेक्षा बरी आली ना?"

मावशी! सख्ख्या मावशीला तर ती धड पत्रही लिहीत नव्हती.

"बसा की बी.ए. बाई," पारूबाई हसून म्हणाल्या आणि ब्रश घेऊन एका ओल्या पाटीची कड सारखी करू लागल्या. पाटी एका खेड्यातल्या शाळेची होती. तारामतीनं वाचली. खाली होतं, 'तालुका औसा, जिल्हा उस्मानाबाद'.

खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठीतही तेच. पंचायत समितीचा कारकून चन्नबसप्पा जुन्या सवयीनं लिहून गेला असणार. तारामतीनं सांगायला तोंड उघडलं. आणि मिटलं. उद्या चन्नबसप्पा बघेल, पाट्यांचं काम काढून घेईल, पोरगी पुस्तकांकडे परत येईल.

"चल गं," एवढंच ती म्हणाली.

जेवताना पोरगी गालात हसत होती. "आई, उद्या सकाळी तूही चल माझ्याबरोबर. एक गंमत आहे."

सकाळी दोघी पोचल्या तेव्हा चन्नबसप्पा पडवीत ओरडत होता. "सरकारनं जिल्हा बदलला, तुम्हाला पत्ताच न्हाई? वाचता येत न्हाई तर पाट्या रंगवता कशाला? उरलेल्या पन्नास पाट्या मी लातूरच्या पेंटरला देतो!"

"चिठ्ठी तुमच्याच हातची हाय, साहेब."

"चिठ्ठीत चुकलं असंल! बघायचं न्हाई?"

पंचशीला पांढरीफटक पडली. "साहेब, या पाटीवरची अक्षरं मी काढलीत. सगळी. पहिलीच." मग आईकडे बघून हळूच म्हणाली, "तुला दाखवायची होती."

"पोरीला बोलू नगा," पारूबाई मधे आल्या. "पाटी माझ्या पडवीतली, चूक माझी."

तारामती पुढे झाली. "मी कालच वाचलं होतं," ती म्हणाली. "वाचून गप्प बसले. चन्नबसप्पा, चूक तुमची आणि माझी, यांची नाही. ती चिठ्ठी मी साहेबांना दाखवू का? का तुम्ही चहा पिऊन येता? तासाभरात पाटी तयार असेल."

चन्नबसप्पानं चिठ्ठीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. "तासाभरात हं," म्हणत तो उतरला.

पारूबाईंनी मान तिरकी केली आणि तारामतीकडे खूप वेळ बघितलं, चिठ्ठीकडे बघायच्या तसं. "असं हाय व्हय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा पत्रा पुढे ओढला.

पंचशीलानं चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि आईच्या हातात दिली. "आई, तू पूस."

तारामती खाली बसून घासू लागली. रंग रात्रभरात धरला होता, सहज निघेना. पुसता पुसता तिला अक्षर दिसलं. 'द'ची शेपटी ओढून पोरीनं शेवटी अलगद उचलली होती. असं वळण तिनं पोरीला शिकवलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते येत नव्हतं.

मागे दुसऱ्या पाटीवर दोरा टणकन वाजला. "आता कसं!" पारूबाई म्हणाल्या आणि पोरगी हसली. तारामतीनं वळून बघितलं नाही. 'बाद' अजून पुसायचं राहिलं होतं.