प्रभाकरच्या वेळी मी बोललो नाही

काल स्मशानात माझ्या हातात माइक दिला. मी तो परत केला.

वसई-विरारमध्ये कुणी गेलं की 'दोन शब्द' बोलायला मला उभं करतात. पाण्याच्या मोर्चात मी बोलतो, टँकरवाल्यांविरुद्ध बोलतो, शोकसभेत बोलतो. काल माझा सगळ्यात जवळचा मित्र गेला आणि मी गप्प राहिलो.

कंठ दाटून आला वगैरे काही नाही. काहीच दाटलं नव्हतं. अजूनही नाही. सकाळी चहा घेतला. सोसायटीच्या टाकीबद्दल फोन आला, त्यावर नीट बोललो.

प्रभाकर मनवेलपाड्याला राहायचा. तिसरा मजला, लिफ्ट नाही. विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेला. जुन्या हॉलिवूड वेस्टर्न सिनेमांचा वेडा. घोडे, धूळ, एकच रस्ता असलेलं गाव आणि त्या रस्त्यावर समोरासमोर उभी दोन माणसं.

आमची ओळख भांडणातून झाली.

वाचनालयात माझं व्याख्यान होतं. मी म्हणालो, हे सिनेमे म्हणजे जमीन बळकावणाऱ्यांनी स्वतःच्याच ओवाळलेल्या आरत्या आहेत. ज्यांची जमीन गेली ते लांब टेकडीवर रांगेत दिसतात आणि गोळ्या खाऊन पडतात. त्यांना नाव नसतं, संवाद नसतो.

टाळ्या पडल्या. मागून एक माणूस उठला.

"सर, तुम्ही असे किती पाहिलेत?"

"दोन-तीन."

"मग रविवारी घरी या. पोहे मिळतील."

गेलो. मग जातच राहिलो. त्याची बायको, मंदावहिनी, दार उघडून आत हाक मारायच्या, "अहो, विरोधी पक्षनेते आले. लावा तुमचे टोपीवाले."

माझं म्हणणं प्रभाकरने कधी खोडलं नाही.

"तुझं खरं आहे. जमीन चोरलेलीच. पण चोराचा चेहरा तरी नीट बघ." आणि रिमोटने पॉज करायचा. टीव्हीभर उन्हाने करपलेला एक चेहरा. डोळ्यांवर टोपीची सावली.

"बंदूक सगळेच काढतात रे. काढायच्या आधी हा काय करतो ते बघ."

तो काहीच करत नसे. नुसता उभा. त्या नुसत्या उभं राहण्यावर आमची अर्धी दुपार जायची.

मी म्हणायचो, "आपला काय संबंध या गावांशी?"

"नालासोपाऱ्याला पहिली खोली घेतली तेव्हा काय होतं? आधी बिल्डिंगी आल्या. मग पाणी आलं, तेही टँकरने. कायदा अजून वाटेत आहे. मला ही गावं परकी वाटत नाहीत, वक्ते."

मला तो वक्तेच म्हणायचा.

माझं मत बदललेलं नाही. त्या सिनेमांनी एका अख्ख्या लोकसमूहावर अन्याय केला, हे मी उद्याही स्टेजवरून सांगेन. पण ते नट मोठे होते. मी आयुष्यभर शब्दांवर जगलो. ही माणसं पाठमोरी चालत जायची आणि मला कळायचं, हा परत येणार नाही.

प्रभाकरला त्या नटांचं म्हातारपण फार आवडायचं.

"तरुण होता तेव्हा हा उडी मारून घोड्यावर बसायचा. आता बघ. कॅमेरा दाराकडे वळला. परत येईपर्यंत हा वर बसलेला."

"म्हणजे आपल्याला फसवलं."

"नाही रे. त्याचा मान राखला."

मग प्रभाकरच्या पोटात कॅन्सर निघाला.

रविवार चालूच राहिले. पोहे माझ्या एकट्यासाठी व्हायला लागले. वहिनी त्याला धरून खुर्चीत बसवायच्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो. एकदा त्याने मला पकडलं.

"कॅमेरा वळवलास वाटतं."

त्याच दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. टीव्हीवर दफनाचा सीन होता. म्हातारा नायक टोपी काढतो, एक वाक्य बोलतो, निघून जातो.

"आपल्याकडे डोक्यावर टॉवेल घेतात, यांच्याकडे टोपी काढतात," मी म्हणालो.

"हातांना काहीतरी काम लागतं त्या वेळी." मग म्हणाला, "माझ्या वेळी तू बोलू नकोस."

"का? वाईट बोलतो?"

"चांगलं बोलतोस. तीच अडचण आहे. लोक तुला ऐकत बसतील. थोडा वेळ माझ्याकडे बघू देत."

मला राग आला. तरी मी शब्द दिला.

"आणि मंदाला यातलं सांगू नकोस. तिला मी सांगितलंय, गणपतीपर्यंत उठून चालायला लागेन."

म्हणून काल माइक परत केला. सोसायटीचे चेअरमन बोलले. प्रभाकररावांना सिनेमाची आवड होती, म्हणाले. खरंच आहे.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. वहिनी आणि त्यांची लेक प्राची घरी होत्या. परतलो तर वहिनी दाराशीच उभ्या.

"काय बोललात भावोजी? मला तिकडे येता आलं नाही. सगळं सांगा."

त्या तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या. खोलीत माणसं होती.

"काही नाही बोललो, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

खरं कारण सांगायचं, तर हेही सांगावं लागणार होतं की आपल्या मरणाबद्दल तो माझ्याशी बोलला आणि तुमच्याशी नाही. ते तिथे, त्या माणसांत, मला जमलं नाही.

पण त्यांना वाटतंय की सगळ्यांसाठी बोलणाऱ्या माणसाकडे त्यांच्या नवऱ्यासाठी शब्द नव्हता. हे असंच राहू द्यायला मी तयार नाही. प्रभाकर, तुझी दुसरी अट मी मोडतोय.

प्राची, बाळा, हे लिहिलेलं आधी तू वाच. मग आईला एकटीला बसवून वाचून दाखव.

वहिनी, तो तुमच्याशी खोटं बोलला, कारण तुमच्यासमोर त्याला बरं व्हायचं होतं. माझ्यासमोर तशी गरज नव्हती. एवढाच फरक.

आणि काल बोललो असतो तर इतकंच बोललो असतो: हा माणूस माझ्याशी कधी पूर्ण सहमत झाला नाही, आणि तरी त्याने दर रविवारी मला घरात घेतलं.

भावपूर्ण म्हणावं असं आत्ता आत काही हलत नाही. श्रद्धा आहे. तेवढी घे.

ये आता, प्रभाकर.